रेस वाढवून आजार बरा होत नाही

सिग्नलला बंद पडणारी आणि चढावर दम सोडणारी मोटरसायकल घरातल्या सगळ्यांनाच काळजीत टाकते. दर वेळी मोठा खर्च हाच त्यावरचा उपाय असतो का? थोडी चौकशी आणि थोडा धीर यांनी बरेच काही कळू शकते.

शनिवारची संध्याकाळ. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला मुलगा धाकट्या बहिणीला मागे बसवून साताऱ्याला घरी निघाला होता. गाडी २२० सीसीची, स्पोर्ट्स प्रकारातली, दोन वर्षांपूर्वी जुनी म्हणून विकत घेतलेली. खंबाटकीचा घाट चढताना पुढे मालाने भरलेला ट्रक रेंगाळत होता. मुलाने त्याच्या उजवीकडून गाडी काढली आणि मूठ पिळली. इंजिनचा आवाज चढला, पण गाडी पुढे सरकेना. ट्रकच्या मध्यावर ती नुसतीच घुटमळत राहिली. घाट एकेरी असल्याने समोरून वाहन येण्याची भीती नव्हती, पण मागून आलेल्या एसटीने जोरात हॉर्न दिला. मुलाने कशीबशी गाडी मागे घेऊन ट्रकच्या पाठीमागे घातली. घरी पोचेपर्यंत बहीण एक शब्दही बोलली नाही.

गाडीची दुसरी तक्रार तीन महिन्यांपासूनची होती. सिग्नलला थांबले की ती बंद पडायची. हॉस्टेलजवळच्या गॅरेजवाल्याने दोनदा प्लग बदलला, एकदा कार्ब्युरेटर साफ केला आणि दर वेळी शेवटी स्क्रू फिरवून रेस थोडी वाढवून दिली. आता तो म्हणत होता, "बोअर-पिस्टनचं काम काढावं लागेल." म्हणजे कित्येक हजारांचा खर्च. वडिलांचा पारा चढला. "दामटून दामटून तूच गाडीची वाट लावलीस," असे त्यांनी मुलाला सुनावले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आपल्या ओळखीच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली.

आधी प्रश्न, मग पाना

मिस्त्रींनी पान्याला हात लावला नाही. आधी त्यांनी मुलाला जवळ बोलावले.

"बंद कधी पडते? सकाळी थंड असताना, की तापल्यावर?"

"दोन्ही वेळी, काका. पण रेस वाढवल्यापासून जरा कमी."

"मूठ सोडल्यावर इंजिनचा आवाज लगेच खाली येतो की लटकून राहतो?"

मुलगा विचारात पडला. "थोडा वेळ चढलेलाच राहतो. मग एकदम खाली येतो."

"बरं. घाटात जोर लागला नाही म्हणतोस. तेव्हा इंजिनचा आवाज वाढला होता का?"

"हो. आवाज खूप वाढला, पण गाडी पुढे जाईना."

मिस्त्रींनी मान हलवली. "मग या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत. एकाच औषधानं दोन्ही जायच्या नाहीत."

वाहन दुरुस्तीत सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो याच ठिकाणी. गाडी बंद पडते आणि गाडीत जोर नाही, या दोन्ही तक्रारी एकाच वाक्यात सांगितल्या जातात. मग कारागीर एकच मोठे कारण शोधतो, आणि मोठे कारण म्हणजे अर्थातच इंजिन. डॉक्टर जसा ताप कधी येतो, थंडी वाजते का, असे विचारतो, तसेच गाडीलाही विचारावे लागते. तिची उत्तरे देणारा माणूस मात्र एकच असतो. तो म्हणजे ती रोज चालवणारा.

आयडलिंग म्हणजे काय?

मूठ पूर्ण सोडलेली असताना इंजिन स्वतःच्या बळावर हळू आवाजात फिरत राहते, त्याला आयडलिंग म्हणतात. आपल्याकडच्या दीडशे ते सव्वादोनशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत त्या वेळी इंजिनाचे मिनिटाला साधारण १,३०० ते १,५०० फेरे होतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. स्पोर्ट्स गाड्यांना फेरे दाखवणारा मीटर असतो, त्यामुळे तो पडताळून पाहणे अगदी सोपे आहे.

पेट्रोल नीट जळायला वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. कार्ब्युरेटरच्या गाडीत आयडलिंगच्या वेळी लागणारे चिमूटभर पेट्रोल पायलट जेट नावाच्या वेगळ्या, बारीक वाटेने येते. त्याचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. मूठ जास्त उघडली की मोठ्या मेन जेटमधून पेट्रोल येऊ लागते. म्हणून पायलट जेट चोंदला तरी गाडी रस्त्यावर झकास पळते आणि सिग्नलला मात्र मान टाकते.

याचा अनुभव २०२० च्या टाळेबंदीनंतर घरोघरी आला. मार्च महिन्यात उभ्या केलेल्या गाड्या पुढे कित्येक दिवसांनी सुरू केल्या, तेव्हा अनेक गाड्या चोक ओढल्याशिवाय चालेनात. कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उडून गेले होते आणि मागे राहिलेला चिकट थर जेटमध्ये बसला होता. त्यावर उपाय म्हणजे जेट काढून क्लीनरने आणि हवेने साफ करणे. तार किंवा टाचणी घालून भोक मोठे केले, तर गाडी कायमची जादा पेट्रोल पिऊ लागते.

तक्रार नेमकी केव्हा येते?

गाडी कधी त्रास देते हे नीट लक्षात ठेवले, तर निम्मे निदान झाले असे समजावे.

फक्त सिग्नलला बंद पडते, पळताना ठीक असते : पायलट जेट, कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणारे रबर, टॅपेट.

सिग्नलला ठीक, पण मूठ पूर्ण उघडल्यावर अडखळते : घाणीने भरलेला एअर फिल्टर, मेन जेट, पेट्रोलच्या नळीतला किंवा गाळणीतला कचरा.

वीस-तीस मिनिटे छान चालते, मग दम तोडते आणि थोडे थांबल्यावर पुन्हा सुरू होते : पेट्रोलच्या टाकीचे झाकण. त्यात हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र असते. ते बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी बंद पडताच झाकण उघडावे. 'फुस्स' आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर चोर सापडला.

तापल्यावर बंद पडते आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय सुरूच होत नाही : इग्निशन कॉइल किंवा टॅपेट.

थंड असतानाही, तापल्यावरही, हळूही आणि जोरातही कमजोर, वर निळसर धूर आणि तेल कमी होणे : मग मात्र पिस्टन-रिंगची शंका घ्यावी.

म्हणजे इंजिन उघडण्याची पाळी सगळ्यांत शेवटी येते. त्या आधीच्या बहुतेक गोष्टी थोड्या खर्चात तपासता येतात.

घरी काय पाहता येईल?

इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून त्याचे टोक पाहावे. ते फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरेफटक टोक म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. ओलसर, तेलकट काळे टोक म्हणजे इंजिनातले तेल वर येऊन जळते आहे. प्लग बदलायला शे-दोनशे रुपये लागतात. पण जुना प्लग फेकून देण्याआधी त्याने दिलेली ही माहिती वाचून घ्यावी.

एअर फिल्टर फोमचा असेल तर तो पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे धुता येतो. कागदी फिल्टर मात्र धुवू नये, पेट्रोलने तर नाहीच. काही कागदी फिल्टर तेलाचा हात दिलेले असतात. ते साफ न करता ठरलेल्या किलोमीटरनंतर बदलायचेच असतात.

पीयूसीचे जुने कागद बहुतेक जण फेकून देतात. ते जपून ठेवावेत. ही तपासणी आयडलिंगवरच होते. मागच्या वेळेपेक्षा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बराच चढला असेल, तर गाडी जादा पेट्रोल घेते आहे किंवा तिला पुरेशी हवा मिळत नाही, असे समजावे.

हे सगळे करताना काही पथ्ये पाळायलाच हवीत. बंद खोलीत किंवा शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, तरी तो जीव घेतो. पेट्रोलची नळी किंवा कार्ब्युरेटर उघडला असेल तेव्हा जवळ विडी-सिगारेट, उदबत्ती, देवघरातला दिवा काहीही पेटते नको. लहान मुलांनाही तिथून दूर ठेवावे.

आवाज न करणारा बिघाड

इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, काही गाड्यांत त्याहूनही कमी, फट ठेवलेली असते. मिस्त्री लोक तिलाच 'टॅपेट' म्हणतात. फट वाढली की 'टकटक' आवाज येतो आणि मालक लगेच गॅरेज गाठतो. फट कमी झाली तर मात्र काहीच ऐकू येत नाही. उलट इंजिन अधिक शांत वाटते. पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो, तापलेले इंजिन सिग्नलला बंद पडते आणि असेच चालू राहिले तर व्हॉल्व्ह जळतो.

"आवाज घालवून द्या" असा हट्ट मालकाने धरला की काही कारागीर टॅपेट गरजेपेक्षा घट्ट करून देतात. गिऱ्हाईक खूश होऊन जाते आणि महिन्याभराने दुसरीच तक्रार घेऊन परत येते. टॅपेट नेहमी इंजिन पूर्ण थंड असताना, फिलर गेज लावून आणि पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणेच बसवून घ्यावेत.

इंजिन निर्दोष, तरीही जोर नाही

जोर कमी वाटला म्हणजे इंजिन कमजोर झाले असे नाही. इंजिन जोर देत असते, पण तो चाकापर्यंत पोचत नाही, असेही होते. घासणारा ब्रेक, फार ताणलेली चेन, टायरमध्ये कमी हवा, यांतले एखादे कारण पुरेसे असते. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून पाहावी. ती सहज सरकली नाही तर आधी ब्रेक पाहावा.

सर्वांत फसवे कारण म्हणजे घसरणारा क्लच. त्याची खूण सोपी आहे. वरच्या गिअरमध्ये मूठ उघडली की फेऱ्यांचा काटा झपकन वर जातो आणि वेगाचा काटा जागेवरच राहतो. क्लचच्या लिव्हरला पुस्तिकेत सांगितल्याइतकी ढिलाई नसेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेलाच राहतो आणि घसरतो. प्लेटी झिजल्या असतील तरीही तेच होते. तिसरे कारण तेलाचे. मोटारगाडीचा क्लच सहसा इंजिनच्या तेलापासून वेगळा असतो. बहुतेक मोटरसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच तेल पुरते. मोटारीच्या अनेक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. मोटारीला ती उपयोगी पडतात, पण मोटरसायकलच्या क्लच प्लेटी त्यांनी घसरू लागतात. म्हणून मोटरसायकलच्या तेलाच्या डब्यावर 'जासो एमए' ही खूण पाहून घ्यावी.

काही वेळा बिघाड कुठेच नसतो. लडाखला खारदुंग लाची खिंड ५,३०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो. अशा ठिकाणी कार्ब्युरेटरची गाडी काळा धूर सोडत रडतखडत चढते. इंजेक्शनची गाडी पेट्रोलचे प्रमाण जुळवून घेते, पण तिचाही जोर घटतोच. खाली उतरल्यावर दोन्ही गाड्या पूर्ववत होतात. तेव्हा वाटेतल्या गावात स्क्रू फिरवून घेण्याची घाई करू नये.

इंजेक्शनची गाडी असेल तर

२००८ साली आलेल्या यामाहा आर-१५ ने दीडशे सीसीच्या गाडीत फ्युएल इंजेक्शन आणले आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटरसायकलींत तेच आले. अशा गाडीत पायलट जेट नसतो. किती पेट्रोल फवारायचे हे एक छोटा संगणक ठरवतो. स्क्रू फिरवून रेस वाढवण्याचा मोह इथे उपयोगाचा नाही.

चावी फिरवल्यावर मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो आणि थोड्याच वेळात विझतो. तो विझला नाही किंवा चालता चालता लागला, तर संगणकाने बिघाडाची नोंद केलेली असते आणि ती यंत्र जोडून वाचता येते. दिवा नसतानाही आयडलिंग बिघडले असेल तर थ्रॉटल बॉडीवर साचलेला कार्बन, कमजोर बॅटरी, पेट्रोल पंपाची गाळणी आणि टॅपेट या क्रमाने पाहावे. बॅटरी अशक्त असेल तर सेन्सर आणि पंप दोन्ही गोंधळतात. महागडा सेन्सर बदलण्याआधी बॅटरीचा दाब मोजून घ्यायला काही खर्च येत नाही.

आज देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. गाडी महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये. जुनी गाडी असेल तर पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि वॉशर अधूनमधून तपासून घ्यावेत.

सायलेन्सरचा सोस

तरुण मुलांच्या गाड्यांत आणखी एक कारण हमखास सापडते. मित्रांचे पाहून मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला जातो आणि एअर फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर लावला जातो. हवेचा हिशेब बिघडतो, पेट्रोल मात्र पूर्वीइतकेच येते. इंजिन तापते, मूठ सोडल्यावर फटफट आवाज येतो आणि ज्या जोरासाठी हे सारे केले तोच कमी होतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. मुलाला वाढदिवसाला असा सायलेन्सर घेऊन देणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावे.

रेस वाढवण्यातला धोका

रेस वाढवली की सिग्नलवरची तक्रार थांबते, म्हणून तोच उपाय समजला जातो. पण ती फक्त झाकपाक असते. उतारावर मूठ सोडल्यावर इंजिन जो लगाम लावते तो ढिला पडतो. गिअर टाकताना गाडीला झटका बसतो. गर्दीत उभे असताना इंजिन जास्त तापते आणि पेट्रोलही जास्त जाते. दरम्यान मूळ बिघाड आत वाढतच असतो. तो कधीतरी चौकात वळताना किंवा ट्रकच्या बाजूने पुढे जाताना डोके वर काढतो, आणि तेव्हा सावरायला दोन-तीन सेकंदच हातात असतात.

साताऱ्याच्या त्या गॅरेजमध्ये पुढचे काम अर्ध्या तासात झाले. मिस्त्रींनी गाडी सुरू केली आणि कार्ब्युरेटर व इंजिन यांच्या मधल्या रबराच्या जोडावर पाण्याचे चार थेंब सोडले. इंजिनचा आवाज लगेच बदलला. रबराला खालच्या बाजूने चीर गेली होती. तिथून फाजील हवा आत जात होती. म्हणूनच प्लग बदलून किंवा कार्ब्युरेटर साफ करून फरक पडला नव्हता. नवे रबर बसवून मिस्त्रींनी रेसचा स्क्रू पुन्हा पुस्तिकेतल्या आकड्यावर आणला. गाडी एका सुरात चालू लागली.

मग त्यांनी गाडीचे तेल बोटावर घेऊन पाहिले.

"हे तेल कुठलं टाकलंस?"

मुलाने वडिलांकडे पाहिले. सहा महिन्यांपूर्वी घरच्या मोटारीची सर्व्हिसिंग झाली, तेव्हा डब्यात थोडे तेल उरले होते. महागाचे चांगले तेल वाया कशाला घालवायचे, म्हणून वडिलांनीच ते मुलाच्या गाडीत ओतले होते.

"साहेब, तेल चांगलंच आहे," मिस्त्री म्हणाले, "पण ते मोटारीचं. याच्या क्लच प्लेटी त्यात घसरतात. पोरगं एकटं असतं तेव्हा चालून जातं. मागं माणूस बसलं आणि चढ लागला की जोर चाकापर्यंत पोचत नाही."

वडील काही बोलले नाहीत. आदल्या रात्री त्यांनी मुलाला सुनावलेले शब्द त्यांना आठवत असावेत. तेल बदलले, घासून गुळगुळीत झालेल्या क्लच प्लेटीही बदलल्या. सगळे मिळून जे बिल झाले, ते बोअर-पिस्टनच्या खर्चापुढे काहीच नव्हते. आणि बोअर-पिस्टनचे काम केले असते, तरी घाटात गाडी तशीच घुटमळली असती.

घरी आल्यावर वडिलांनी कपाटातून गाडीची पुस्तिका शोधून काढली. दोन वर्षांत ती कोणी उघडली नव्हती. तेलाच्या पानावर त्यांनी पेन्सिलने खूण केली. मुलगा पुण्याला निघाला तेव्हा त्यांनी त्याच्या बॅगेत नव्या तेलाचा एक डबा ठेवला.

"खूण पाहून आणलाय," ते म्हणाले. "आणि पुढच्या शनिवारी येताना ताईला घेऊन ये."